पीएसए वाढला, आता लेझर की रोबोट? त्याआधी आजार कोणता ते पाहा

२०२५ मध्ये प्रोस्टेट हा शब्द बातम्यांत वारंवार आला. मे महिन्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ज्यो बायडेन यांना वयाच्या ८२ व्या वर्षी हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचे जाहीर झाले. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी आपल्या प्रोस्टेट कॅन्सरबद्दल सांगितले. त्यांचा आजार लवकर सापडला होता: आधी पीएसए, मग एमआरआय, मग बायोप्सी या क्रमाने. त्याच महिन्यात, २८ तारखेला, ब्रिटनच्या राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीने मसुदा जाहीर केला की सगळ्या पुरुषांची सरसकट तपासणी करू नये. फक्त बीआरसीए हा जनुकदोष असलेल्या ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांना दर दोन वर्षांनी बोलवावे.

या बातम्या व्हॉट्सअॅपवरून क्रांती चौकातल्या आमच्या दवाखान्यापर्यंत पोहोचतात, तेव्हा त्यांचे दोन प्रश्न झालेले असतात. पहिला: "डॉक्टर, अण्णांची पीएसए करून टाकू का?" दुसरा: "सोनोग्राफीत ग्रेड टू प्रोस्टेट आलंय, रोबोटने ऑपरेशन कुठे होतं?" दोन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात. पण यंत्राचे नाव आधी आणि आजाराचे नाव नंतर, असा उलटा क्रम त्यात आहे. मी युरोलॉजिस्ट नाही. तुम्ही युरोलॉजिस्टकडे जाण्याआधी आणि तिथून आल्यावर ज्याच्यासमोर फाइल उघडता, तो तुमच्या गल्लीतला डॉक्टर आहे. म्हणून ही फाइल कशी वाचायची, तेवढेच इथे सांगतो.

एकाच ग्रंथीचे दोन वेगळे आजार

प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती साधारण २० ग्रॅमची असते. जालन्याच्या मोसंबीची कल्पना करा: आतला गर आणि बाहेरची साल. वयानुसार होणारी साधी वाढ आतल्या गरात होते. ती नळीला दाबते, म्हणून धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, लघवी करूनही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या सालीत सुरू होतो. तिथे तो नळीपासून लांब असतो, म्हणून सुरुवातीला लघवीचा काहीच त्रास देत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही घरच्यांना पटायला वेळ लागतो. लघवीचा त्रास आहे म्हणजे कॅन्सर असेल असे नाही, बहुतेकदा नसतोच. आणि त्रास नाही म्हणजे कॅन्सर नाही, असेही नाही.

आता तो "ग्रेड टू". सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेट ग्रेड एक, दोन, तीन असे लिहिलेले असते, ते फक्त आकाराचे वर्णन आहे. कॅन्सरच्या ग्रेडशी किंवा स्टेजशी त्याचा काही संबंध नाही. हा एक शब्द वाचून रात्रभर न झोपलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. आकारावरून ऑपरेशनही ठरत नाही. ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन निवांत फिरणारे आजोबा असतात आणि ३० ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी तुंबलेले गृहस्थही असतात. त्या रिपोर्टमध्ये बघायचे असते ते लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते आणि किडनीला सूज आहे का. पोटावरून केलेली सोनोग्राफी कॅन्सर नाही असे सांगू शकत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे सगळं ठीक" हे प्रोस्टेटच्या बाबतीत चालत नाही.

पीएसएचा आकडा एकट्याने वाचू नका

पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारे प्रथिन आहे आणि ते थोडे रक्तात येते. ग्रंथी मोठी झाली तरी ते वाढते, लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढते, लघवी तुंबून नळी घालावी लागली तरी वाढते. म्हणून संसर्ग किंवा कॅथेटरच्या दिवसांत केलेली पीएसए वाचून घाबरू नका. साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा करा.

एक सोपे गणित आहे. पीएसएच्या आकड्याला ग्रंथीच्या आकाराने भागा. ६० ग्रॅमच्या ग्रंथीत पीएसए ६ असेल तर उत्तर ०.१० येते. २५ ग्रॅमच्या ग्रंथीत तोच ६ असेल तर ०.२४. साधारण ०.१५ च्या वर शंका वाढते. आकडा तोच, पण अर्थ वेगळा. पॅकेजच्या रिपोर्टवर लाल अक्षरात छापलेला आकडा हे सांगत नाही.

आणखी एक गोष्ट फार घरांत निसटते. प्रोस्टेटसाठी दिलेल्या गोळीत फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असेल (टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत ते पुष्कळदा असते), तर सहाएक महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे ती गोळी चालू असताना आलेला ३ हा खरा ६ समजायचा. गोळीचे पाकीट घेऊन या, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. याच गोळीबद्दल दुसरी सूचना: मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. त्या औषधाने बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऑपरेशन अवघड होऊ शकते. त्यांना आधी माहीत असेल तर ते तयारीत असतात.

मग पीएसए करावी की नाही? ब्रिटनच्या समितीने नको म्हटले, कारण सरसकट तपासणीत सापडणारे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की त्या माणसाला आयुष्यात त्यांचा त्रासच झाला नसता. पण उपचारांचा त्रास होतो. दुसऱ्या पारड्यात युरोपातला मोठा अभ्यास आहे, ज्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण लहान आहे आणि फार उशिरा दिसतो. म्हणूनच वय महत्त्वाचे. पन्नाशी ते सत्तरीतल्या, तब्येतीने बऱ्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ४५ पासून विचार करावा. ज्यांना दोन स्टेंट, डायलिसिस आणि ८२ वर्षे आहेत, त्यांची पीएसए पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून करू नये. फुकट आकडा आला की त्यामागे सुई येते.

भारतात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही. माझ्या मते ते योग्यच आहे. मराठवाड्यात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर समोर दिसत असताना पहिला पैसा तिथेच जायला हवा. बार्शीला १९८७ पासून चालणारी, देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. अशा ग्रामीण नोंदींत प्रोस्टेटचे प्रमाण शहरांच्या मानाने कमी दिसते. पुण्यासारख्या शहरात तो पुरुषांच्या कॅन्सरमध्ये वरच्या क्रमांकांवर असतो. त्यातला काही भाग खरा फरक आहे आणि काही भाग "शोधले तर सापडते" असा आहे. पण पैठण, कन्नड, वैजापूरकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची अडचण जादा तपासणी ही नाहीच. त्यांची अडचण उशीर ही आहे, आणि तिच्याकडे मी खाली येतो.

खरा बदल एमआरआयने केला

गेल्या दहा वर्षांत प्रोस्टेटच्या बाबतीत सर्वांत मोठे काय घडले, असे मला विचारले तर मी रोबोट म्हणणार नाही. पीएसए आणि बायोप्सीच्या मध्ये एमआरआय आला, हे म्हणेन.

पूर्वी पीएसए वाढला की गुदद्वारातून सोनोग्राफीच्या मदतीने दहा-बारा सुया घ्यायच्या, असा रिवाज होता. कॅन्सर कुठे आहे ते दिसत नसे. अंदाजाने ग्रंथीच्या ठरलेल्या जागा टोचायच्या. २०१८ मध्ये ५०० पुरुषांवरच्या प्रिसिजन नावाच्या अभ्यासाने हा रिवाज हलवला. आधी एमआरआय केलेल्या गटात २८ टक्के पुरुषांना बायोप्सी लागलीच नाही. तरीही उपचाराची गरज असलेले कॅन्सर त्या गटात ३८ टक्क्यांना सापडले, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांना. उलट ज्यांना हात लावायची गरज नसते असे संथ कॅन्सर कमी सापडले: ९ टक्के, जुन्या पद्धतीत २२ टक्के. कमी सुया, जास्त कामाची माहिती.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "पाय-रॅड्स" असा १ ते ५ गुण असतो. १ आणि २ म्हणजे शंका कमी, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी हवी, ३ म्हणजे पीएसए, ग्रंथीचा आकार आणि घरातला इतिहास बघून ठरवायचे. पाय-रॅड्स ५ म्हणजे पाचवी स्टेज नव्हे! स्टेज इथे ठरतच नाही. आणि चांगला एमआरआयसुद्धा काही कॅन्सर चुकवतो, म्हणून गुण कमी आला तरी पीएसएवर लक्ष ठेवावे लागते.

एमआरआय बायोप्सीच्या आधी करायचा. बायोप्सीने आत रक्त साकळते आणि नंतरचे चित्र काही आठवडे धूसर येते. खर्चाच्या बाबतीतही एक बरी बातमी आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राइम या बारा देशांतल्या अभ्यासात दिसले की शिरेतून कॉन्ट्रास्ट न देता केलेला छोटा एमआरआय महत्त्वाचे कॅन्सर शोधण्यात पूर्ण एमआरआयइतकाच चांगला ठरतो. अट एवढीच की चित्रे दर्जेदार हवीत आणि वाचणारा रेडिओलॉजिस्ट प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी पाहणारा हवा. तेव्हा सेंटरमध्ये "मशीन किती टेस्लाचं?" याच्याबरोबर "प्रोस्टेटचे किती होतात, रिपोर्ट कोण देतं?" हेही विचारा. पेसमेकर असेल तर आधी सांगा. नळकांड्यात आवाज मोठा येतो, दुखत काही नाही.

बायोप्सीबद्दलची भीती वेगळीच असते: "सुई लावली की पसरतो." प्रोस्टेटच्या बायोप्सीने कॅन्सर पसरतो, याला आधार नाही. या भीतीपायी सहा-सहा महिने काढे पीत थांबलेली माणसे मात्र आजार वाढवून येतात. आता बरेच ठिकाणी सुई गुदद्वारातून न घालता वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घालतात, त्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. तुमच्या डॉक्टरांना कोणती पद्धत वापरणार ते विचारायला हरकत नाही.

बायोप्सीत कॅन्सर आला तर ग्लिसन स्कोअर दिसेल. ३+३=६ वाचून "दहापैकी सहा!" असे वाटते. प्रत्यक्षात बायोप्सीत ही मोजणी सहापासूनच सुरू होते. सहा हा सर्वांत सौम्य प्रकार. अशा वेळी लगेच ऑपरेशन न करता पीएसए, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणे हा खरा, मान्य उपचार आहे. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरचे १,६४३ पुरुष होते. १५ वर्षांनी ऑपरेशन, रेडिएशन आणि लक्ष ठेवणे या तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के पुरुष प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले नव्हते. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण जास्त होते, हेही खरे. म्हणून लक्ष ठेवणे म्हणजे घरी बसणे नव्हे, तारखेला येणे.

लेझर आणि रोबोट: पाट्यांवरचे दोन शब्द

जालना रोडवरून जाताना दवाखान्यांच्या पाट्यांवर हे दोन शब्द दिसतात आणि लोकांना वाटते की हे एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, लेझर चांगले आणि रोबोट त्याहून चांगला. तसे नाही. लेझर मुख्यतः साध्या वाढीसाठी. रोबोट मुख्यतः कॅन्सरमध्ये अख्खी ग्रंथी काढण्यासाठी. साध्या वाढीला रोबोट क्वचित, ग्रंथी फार मोठी असेल तर वापरतात.

साध्या वाढीत आधी गोळ्या. ऑपरेशन लागते ते लघवी पुन्हा पुन्हा तुंबली, किडनीला सूज आली, मूत्राशयात खडे झाले, वारंवार संसर्ग किंवा रक्त येऊ लागले, किंवा गोळ्यांनी भागेनासे झाले तर. दुर्बिणीने आतला गर खरवडून काढण्याची पद्धत, म्हणजे टीयूआरपी, जवळपास शंभर वर्षे जुनी आहे आणि आजही चांगली आहे. आता बायपोलर यंत्रात सलाइन वापरता येत असल्याने जुन्या पद्धतीतला, धुण्याचे पाणी रक्तात शिरून सोडियम उतरण्याचा धोका जवळपास गेला. "लेझर" हे एक ऑपरेशन नाही. एका प्रकारात गर जाळून वाफ करतात. दुसऱ्यात, ज्याला होलेप म्हणतात, गर सालीपासून अख्खा सोडवून, बारीक करून बाहेर काढतात. होलेप खूप मोठ्या ग्रंथीलाही चालते, रक्तस्राव कमी होतो, आणि काढलेला गर तपासायला पाठवता येतो. वाफ केली तर तपासायला काही उरत नाही. "लेझर करणार" एवढ्यावर थांबू नका, कोणते ते विचारा.

टीयूआरपी असो वा होलेप, नंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. त्याने इजा होत नाही, पण आधी कुणी सांगितले नसेल तर माणूस हादरतो. नवी वाफेची किंवा पाण्याच्या झोताची पद्धत यात बरी आहे. मात्र ती सगळीकडे मिळत नाही आणि सगळ्यांना लागू पडत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर अजिबात नाही.

आणि हे लक्षात ठेवा: या ऑपरेशनात गर जातो, साल राहते. "अण्णांचं प्रोस्टेट काढलंय" म्हणून पुढे पीएसए सोडून देणारी घरे आहेत. कॅन्सर सालीत होतो, आणि साल जागेवरच आहे.

रोबोटबद्दल माझे मत थोडे रूक्ष आहे. रोबोट ऑपरेशन करत नाही, सर्जन शेजारी बसून त्याचे हात चालवतो. छिद्रे लहान, रक्त कमी जाते, घरी लवकर जाता येते. हे फायदे खरे आहेत. पण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ रुग्णांवर उघडे ऑपरेशन आणि रोबोट यांची सरळ तुलना झाली. दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती. रुग्ण म्हणून तुमच्या रोजच्या आयुष्याला जे लागते ते या दोन गोष्टी आहेत, आणि त्या यंत्रापेक्षा सर्जनच्या अनुभवावर जास्त अवलंबून असतात. "तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशन्स केली, वर्षाने किती रुग्णांना पॅड लागत नाही?" हा प्रश्न उद्धट नाही. रेडिएशनचा पर्याय कुणी बोललेच नसेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना एकदा भेटा. आपल्याकडे आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, घाटीही आहे. रोबोटसाठी शेत विकायला निघालेल्या घराने आधी तिथे फाइल दाखवावी.

पैशाचे थोडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. प्रोस्टेटचे रुग्ण बहुतेक याच वयाचे. तुमचे नेमके ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, अॅडव्हान्स भरल्यानंतर नाही.

पीएसएमए पेट स्कॅन आणि कंबरदुखी

पीएसएमए पेट स्कॅनमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशींना चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ देतात आणि त्या शरीरात जिथे असतील तिथे चमकतात. २०२० च्या एका अभ्यासात पसरलेला आजार ओळखण्यात त्याची अचूकता ९२ टक्के होती, जुन्या सीटी आणि हाडांच्या स्कॅनची ६५ टक्के. पण तो आहे जास्त धोक्याचा कॅन्सर सिद्ध झालेल्यांसाठी, किंवा उपचारांनंतर पीएसए पुन्हा वाढलेल्यांसाठी. कॅन्सर आहे का हे बघायला म्हणून स्वतःहून पेट स्कॅन करून आणू नका.

आता वर म्हटलेला उशीर. सत्तरीचे शेतकरी, तीन-चार महिने कंबर दुखते. कुणी मणक्यातली गॅप सांगतो, कुणी चोळून देतो, गावात दुखण्याची इंजेक्शने होतात. वजन उतरलेले असते. दुखणे रात्री झोपेतही थांबत नाही. इथे पीएसए ही तपासणी पॅकेजची चैन नाही, ती करायलाच हवी. हाडांत पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर पूर्ण बरा होत नाही, पण पुरुषी हार्मोन बंद करण्याच्या उपचाराने दुखणे पुष्कळदा लवकर कमी होते आणि वर्षे मिळतात. त्यासाठी इंजेक्शने आहेत. किंवा वृषण काढण्याचे छोटे ऑपरेशन आहे, एकदाच करायचे आणि स्वस्त. लाज वाटते म्हणून ते नाकारून दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख चुकवत राहण्यापेक्षा घरच्यांनी त्यावर मोकळेपणाने बोललेले बरे. त्याच्या जोडीला अॅबिराटेरोनसारख्या गोळ्या असतात.

अशा कंबरदुखीच्या माणसाचे पाय जड पडू लागले, चालताना लटपटू लागले, किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, एमआरआयची अपॉइंटमेंटही बाहेरून शोधत बसू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या आणि दारातच सांगा की पाय चालेनासे झालेत. काही तासांत उपचार मिळाले तर पाय वाचण्याची शक्यता असते, दोन दिवस गेले तर फार थोडी.